बिब्याचा न्याय

एरवी ज्या झाडाखालून लोक अंग चोरून जात, त्या बिब्याच्या झाडाखाली त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. बंजाऱ्यांचा तांडा झाडून सगळा आला होता. गावातून सरपंच आले होते, त्यांच्यासाठी शाळेतून खुर्ची आली होती, आणि खुर्ची शाळेची म्हणून तिच्यामागोमाग मास्तरीणबाई लिलाबाईही आल्या होत्या. असल्या कार्यक्रमांना खुर्ची हटकून लागते आणि शाळेला ती परत मिळत नाही, हा त्यांचा जुना अनुभव होता.

झाडाखाली बिबानाथ महाराज बसले होते. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात हा माणूस जऊळक्याच्या स्टेशनावर उतरला आणि आठवडाभरात देव झाला. शाळेत शिपाई व्हायचं तर सातवी पास लागते. देवाच्या जागेला तसली अट नसते.

"बोलो, बिबा भगवान की जय!" महाराज गरजले. "कोरट खोटं बोलीन, पोलीस खोटं बोलीन, पन बिबा? बिबा म्हंजे डायरेक वरून आलेला रिपोट! पुन्यवानाच्या अंगावर पानी, पाप्याच्या अंगावर आग!"

न्याय होता हेमलाचा. हेमला तांड्यातली विधवा. बिबे फोडून आतली गोडंबी काढायची आणि त्यावर एका मुलीला वाढवायची. बिब्याचं काळं तेल जहाल. कातडीला लागलं की सूज येते, फोड येतात. त्याला तिकडे बिबा उतला म्हणतात. तर झालं होतं असं, की शेजारच्या नानीबाईच्या दोन बकऱ्या मेल्या. महाराजांनी डोळे मिटून सांगितलं, तांड्यात डाकीण आहे. मिटल्या डोळ्यांनाही त्यांना नेमकी हेमलाच दिसली. ज्या झाडाखाली ते बसले होते ते हेमलाच्या शेतात, तिच्या वावरात होतं, आणि तिथं मठ बांधायला तिनं आठ दिवसांपूर्वीच साफ नाही म्हटलं होतं. दिव्यदृष्टीला एवढी मदत पुरते.

तांड्याचे नाईक सेवालाल उभे राहिले. "बिबा उतला, तर उद्या दिवस बुडाच्या आत हेमलानं तांडा सोडाचा. पोरगी इथंच राहीन. डाकिनीच्या हाताखाली आमी लेकरू ठेवत नाई."

हेमलाची मुलगी आईच्या घागऱ्याला धरून उभी होती. दोन बायांनी तिला बाजूला ओढलं आणि मग आपल्याकडेच ठेवून घेतलं.

महाराजांनी बाटलीतल्या काळ्या 'बिब्यात' कापूस बुडवला. आधी तो चार-पाच जणांच्या मनगटावर "घाबरू नको बेटा, तू पुन्यवान" म्हणत फिरवला, त्यांना काहीच झालं नाही, आणि मग हेमलाची पाळी आली. "डाकिनी, बोल! बकऱ्या खाल्ल्या का नाई? आता जळशील! आता उतीन!" असं ओरडत त्यांनी तो हेमलाच्या मनगटावर चोळला. हेमला मागे मागे सरत होती. आणि बघता बघता मनगटावर लाल चट्टे उठले, कडा फुगल्या, ती खाजवू लागली.

"बापा बापा! महाराजाचा बिबा तर तिथल्या तिथं उतते!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

लिलाबाई जन्मभर असल्या गोष्टींना हसत आल्या होत्या. पण चट्टे त्यांनीही पाहिले होते, आणि क्षणभर त्यांच्याही मनात पाल चुकचुकली. त्याचा त्यांना भयंकर राग आला. रागातच त्या दिवेलागणीला हेमलाच्या झोपडीत गेल्या.

"हेमला, हात दाखव."

"काय पाहता बाई? मीच असीन."

"काय असशील?"

"डाकीन. मले मालूम नसीन, पन आतमंदी असीन. हात खोटं बोलीन का? नानीबाईच्या बकऱ्या माह्या गोडंबीवर तोंड मारत होत्या. त्या मेल्या तवा मले बरं वाटलं होतं, बाई."

"तपासणीचा साहेब बिमार पडला की मलेबी बरं वाटते," लिलाबाई कडाडल्या. "मंग मी कोन झाली? दाखव हात!"

त्यांनी कंदील जवळ घेतला. हात साफ होता. ना चट्टा, ना सूज.

"हेमला, बिबा उतला तर किती दिस राह्यते?"

"आठ-दहा दिस. कातडी निंगते."

"आन उतते कवा?"

"लागला का दुसऱ्या दिव..." हेमला बोलता बोलता थांबली.

अख्खा तांडा पिढ्यान्‌पिढ्या बिबे फोडत आला होता. बिबा लागल्या लागल्या उतत नाही, हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक होतं. पण महाराजांचा बिबा तिथल्या तिथं उतला तेव्हा एकालाही शंका आली नाही. उलट त्याचाच चमत्कार झाला.

सकाळी लिलाबाई जऊळक्याच्या दवाखान्यात पोचल्या आणि दुपारी डॉक्टर उदयसिंगांना घेऊनच परतल्या. उदयसिंग दुसऱ्या तांड्यातले, तांड्यातच वाढलेले. म्हणून नाईकांनी तांडा पुन्हा त्याच झाडाखाली जमवला आणि त्यांना निदान बोलू तरी दिलं.

"बाटलीले हात लावशील तर भस्म होशील!" महाराजांनी डॉक्टरांना दम भरला.

तेवढ्यात लिलाबाईंनी बाटलीशेजारचा काळा कापूस उचलला आणि सरळ जिभेला लावला. बाया किंचाळल्या.

"गोड हाये," लिलाबाई म्हणाल्या. "गूळ करपवून पान्यात घातला. महाराज, हे चहात टाकलं असतं तर पुन्य तरी लागलं असतं."

डॉक्टरांनी एक खरा बिबा सुईनं टोचला. सुईच्या टोकाला काळं तेल आलं. "हा घ्या, झाडाचा आहे. तुम्ही पुण्यवान. लावा हाताला."

महाराजांचा हात झटकन शालीखाली गेला. एवढ्या पुण्यवान माणसाला अचानक थंडी वाजली, तीही भर उन्हाळ्यात.

पण सेवालाल नाईक काही हलले नाहीत. "गूळपानी तर गूळपानी. मंग तिचा हात लाल कसा झाला? आमी डोळ्यानं पाह्यलं!"

प्रश्न रास्त होता. लिलाबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"नाईक, तुमचाच हात द्या," डॉक्टर म्हणाले. त्यांनी सेवालालना टोचलेला बिबा दाखवला, त्याचं तेल दाखवलं, मग त्यांच्याच पागोट्यानं त्यांचे डोळे बांधले. "आता लावतो. जहाल आहे, आग होईल." आणि लोट्यातलं साधं पाणी त्यांच्या दंडावर चोळलं.

नाईकांनी दात आवळले. "लय आग होऊन राह्यली, डाक्टर!" थोड्या वेळानं दंडावर चट्टे उठले. डोळे सोडले तेव्हा त्यांनी आधी दंड पाहिला, मग लोटा, मग डॉक्टर.

"पाणीच होतं," डॉक्टर म्हणाले. "आपल्या कातडीत राखणदार पेशी असतात. काटा रुतला, जंतू शिरला, की त्या तिथं रक्त बोलावतात. जागा लाल होते, सुजते. ती सूज म्हणजे त्यांची लढाई. आता मेंदूपासून कातडीपर्यंत मज्जातंतू गेलेले आहेत. माणूस भ्याला की मेंदू त्यांच्यावाटे रसायनं सोडायला लावतो, आणि त्या रसायनांनी या पेशी चाळवतात. शत्रू नसताना लढाई सुरू! सगळ्यांचं असं होत नाही. नेमकं कसं होतं तेही शिकलेले लोक अजून शोधून राह्यले. पण त्याला देव लागत नाही, अन् डाकीणही."

"मंग बाकीच्यायले काहून नाई उतला?" मागून कोणीतरी विचारलं.

"त्यायले महाराज काय म्हनत?" लिलाबाईंनी विचारलं. "घाबरू नको बेटा, तू पुन्यवान. आन हेमलाले? जळशील, उतीन. खरा बिबा बाटलीत नव्हता, याच्या तोंडात होता."

गर्दीत एकच हशा उसळला. "नाईकच डाकीन निंगाले!" महाराजांनी तेवढ्यात झोळी आवरली आणि स्टेशनाची वाट धरली. दोघं-तिघं काठ्या घेऊन निघाले, त्यांना लिलाबाईंनी अडवलं. "काल त्याच्या पायावर डोकं ठेवनारे तुमीच होते. आज जरा उभे राहा, आन लाज वाटते का ते पाहा."

हेमला हसली नव्हती. तिनं त्या दोन बायांच्या हातातून मुलीला ओढून घेतलं आणि ती सेवालालपुढं उभी राहिली.

"नाईक, आज पान्यानं तुमचा हात लाल झाला म्हनून मी मानूस ठरली. नसता झाला तर?"

हशा थांबला. नाईक खाजवायचे थांबले. सगळ्यांचं असं होत नाही, हे डॉक्टरांनीच आत्ता सांगितलं होतं.

लिलाबाई लोकांकडे वळल्या. आवाज चढवायची त्यांना गरज पडली नाही. "बकऱ्या कशानं मेल्या, हे तुमच्यापैकी एकानंबी विचारलं नाई. कोनी मारल्या, एवढंच विचारलं. जनावर मेलं तर जनावराच्या डाक्टरले बोलवा. लेकरू तापलं तर दवाखान्यात न्या. आन एखाद्या बाईले कोनी डाकीन म्हनलं, तर तिचा हात तपासू नका. म्हननाऱ्याले तिच्यापासून काय पाह्यजे, ते तपासा. देवानं डोकं देल्लं असं म्हनता ना? मंग ते वापरल्यानं देव रागवत नाई."

सेवालाल नाईकांनी पागोटं हातात घेतलं. "हेमला, चुकलं आमचं."

"चुकलं," हेमला म्हणाली. मुलीला तिनं कडेवर घेतलं. "आता उठा सगळे. वावर माहं हाये."