दोन मिलिमीटरचा स्क्रू

निगडीच्या माझ्या गॅरेजमध्ये आम्ही तिघांनी मिळून लाकडावर अक्षरं कोरणारं मशीन बांधायला घेतलं. कॉम्प्युटरनं हुकूम द्यायचा आणि तीन स्टेपर मोटरांनी तो मोजूनमापून पाळायचा. सांगाडा शेजारच्या निमिषनं केला, वायरिंग आणि प्रोग्रॅम दीक्षानं. मोजमाप माझं. चाकणच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये मी एकतीस वर्षं काढली. या गुरुदत्तनं माप घेतलं की त्यावर पुन्हा कुणी माप घ्यायचं नाही, असा तिथं रिवाजच पडला होता. दीक्षा त्याच टूलरूममधल्या भीमराजची मुलगी, त्यामुळे हा रिवाज तिला घरूनच ठाऊक.

मोटरनं फिरवून मशीन सरकवणारा लांब स्क्रू आणला तेव्हा मी आट्यांना गेज लावला आणि सांगितलं, "दोन मिलिमीटर." तिनं प्रोग्रॅममध्ये एका फेऱ्याला दोन भरले. मशीन सुरू करून दहा मिलिमीटर सरक म्हटलं, तर ते चाळीस सरकलं आणि फ्रेमवर आदळलं.

"मोटरच्या कार्डावरचे बारके स्विच चुकीचे लावलेस तू," मी म्हणालो.

तिनं तपासले. बरोबर होते. पुढच्या रविवारी सगळं वायरिंग सोडवून नव्यानं केलं. मशीन चाळीसच सरकत होतं.

"काका, एकदा स्क्रू बघू या का?"

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून आटे मोजतोय मी. आधी आपलं निस्तर!"

हे मी निमिषसमोर म्हणालो, तेही आवाज चढवून. असं बोलताना मला बरं वाटतं, हा माझा जुना रोग आहे.

नंतरच्या रविवारी ती आलीच नाही. फोनही उचलेना. निमिष म्हणाला, दुसरं कुणी शोधू. मला दुसरं कुणी नको होतं. मशीनचं राहू द्या, पण पोरगी दुखावून गेली तर भीमराजच्या दारात मी कुठल्या तोंडानं जाणार होतो?

तिची चूक एकदाची पक्की करावी म्हणून, चिडूनच, मी मोटर सोडवली. स्क्रू हातानं बरोबर एक फेरा फिरवला आणि पट्टी लावली. आठ मिलिमीटर सरकलं होतं. टोक उजेडात धरलं तर तिथून एक नाही, चार आटे शेजारी शेजारी सुरू झालेले. दोन आट्यांमधलं अंतर दोनच, पण एका फेऱ्यात चाल चौपट. असले स्क्रू मी स्वतः लेथवर कापलेत. 

तसाच स्कूटर काढून निघोज्याला त्यांच्या घरी गेलो. भीमराजनं दार उघडलं. मागे दीक्षा उभी होती. मी तोंड उघडायच्या आत त्यानंच हात जोडले.

"दत्ता, पोरीचं चुकलं. लई बोललो मी तिला. तुझं माप कधी चुकलंय व्हय? राग धरू नको, येईल ती रविवारी."

"माप माझंच चुकलं, भीमराज. चार आट्यांचा स्क्रू आहे. मी टोक बघितलंच नाही. दीक्षा, तुझं बरोबर होतं."

भीमराजचे हात तसेच जोडलेले राहिले. दीक्षा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "पंधरा दिवस हेच सांगत होते मी तुम्हाला."