अकराव्या भागातला हिरवा माणूस

थावरूचा भीमला, भीमलाचा धरमसिंग आणि धरमसिंगाचा सेवालाल. तांड्यावरच्या या घराण्यात तोंड झाकून जगापुढे उभे राहण्याची वेळ आजवर कोणावर आली नव्हती. सेवालाल मात्र हिरवा रबरी मुखवटा चढवून परग्रहावर उभा होता. त्याच्यासारखेच आणखी चाळीस जण आजूबाजूला होते, आणि टीव्हीपुढे बसलेल्या भुरीबाईला त्यांतला आपला कोणता, हे काही केल्या उमगत नव्हते.

“सारे एकाच वेलाचे कारले दिसून राह्यले,” गुलाबबाई म्हणाल्या. “यातलं तुह्यं कोन्तं, भुरी?”

“थांबा न, शेठाणी. चालला का वयखीन मी त्याले.”

कारंजा गावातल्या गुलाबबाईंच्या या घरी भुरीबाई अठरा उन्हाळे वर्षाचे गहू निवडायला येत होती. सुपातला खडा तिच्या नजरेतून सुटत नसे. दिवाणखान्यात ती आज प्रथमच बसली होती, तीही गुलाबबाईंनी दरडावल्यावर. मालिका पैसे भरून पाहायची होती. ती गुलाबबाईंच्या नातीने, खुशबूने लावून दिली होती.

मुंबईत मालिकांच्या गर्दीत उभा राहणारा सेवालाल तीन महिन्यांपूर्वी तिथेच काविळीने गेला. आसेगावाजवळच्या तांड्यावर निरोप पोचेतो सोबत्यांनी तिकडेच माती उरकली. मागे राहिले ते त्याने बापाला फोनवर सांगितलेले एवढेच, की अकराव्या भागात मी बोलतो, घरी सांग.

घरी म्हणजे कोणाला, ते त्याने सांगितले नाही. भुरीबाई ही धरमसिंगाची दुसरी बायको. ती आली तेव्हा पोर चार वर्षांचे होते. त्याच्या वाट्याला उणे पडू नये म्हणून तिने स्वतःची कूस रिकामी ठेवली. परंतु बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला ‘याडी’ म्हणतात, तो शब्द सेवालालने तिच्यासाठी एकदाही उच्चारला नाही. भूक लागली तरी तो चुलीकडे पाहून बोले. तांड्यातल्या बाया म्हणत, “सावत्र ते सावत्रच.” भुरीबाई हसण्यावारी नेई आणि मनाशी म्हणे, देईल हाक, आज ना उद्या देईल.

हिरवी माणसे चालू लागली. भुरीबाई उठून पडद्याला नाक लावून उभी राहिली. सेवालाल डावा पाय किंचित ओढी. पण त्या जड चिलखतात सगळेच पाय ओढत होते.

“पाचच मिनिटं राह्यले, मावशी,” खुशबू हळूच म्हणाली.

भुरीबाई एकेका हिरव्या तोंडावर बोट ठेवू लागली. “पोटचा असता तं वयखला असता व माय! बाया खरं बोलत होत्या. पोरगं पुढ्यात हाय अन् मले सापडून नाई राह्यलं!”

“गप बस!” गुलाबबाई कडाडल्या. “मी चार पोटातून काढले. एकाचीबी चाल मले सांगता येनार नाई. खुशबू, आवाज वाढव.”

एक हिरवा माणूस राजाच्या पायाशी गुडघे टेकून बसला. परग्रहाची म्हणून कोणाला न कळेल असे काहीही बोल, असे त्याला सांगितले गेले असावे. तो बोलू लागला, आणि खुशबू पडद्याखालची अक्षरे वाचू लागली.

“महाराज, आमचा सूर्य विझला. आमची प्रजा…”

“चूप!”

अठरा वर्षांत भुरीबाईचा असा आवाज या घराने ऐकला नव्हता.

मुखवट्याआडून स्वच्छ गोरबोली येत होती. “याडी, भूक लागी छ. याडी, म घर आवू छू. याडी…”

राजाने हात उचलला. शिपायांनी त्या माणसाला मागे ओढले, आणि पडद्यावर नावे धावू लागली.

“मागं घेऊ का? पुन्हा पाहता?” खुशबूने विचारले.

भुरीबाईने मान हलवून नको म्हटले. काचेवर तिच्या श्वासाचा डाग उमटला होता. तो तिने पदराने पुसून काढला.

“काय बोलला व तो?” गुलाबबाईंचा स्वर खाली आला होता.

“एकवीस वर्साचं येनं होतं माह्यं त्याच्याकडं, शेठाणी,” भुरीबाई म्हणाली. “सारं चुकतं केलं माह्या पोरानं.”