गुळातली गोळी

माझे वडील पुंजाराम, आमचे अण्णा, देवळ्याला शेळ्या राखतात आणि मोबाईलवर येईल ते खरं मानतात. आईच्या केमोसाठी दोघं पंचवटीत माझ्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन सदरे आणि गुळाची अख्खी ढेप होती. मी शाळेत शिकवते, पोरांची दप्तरं तपासायची सवय आहे. पण बापाची पिशवी कोण तपासतं?

तिसऱ्या केमोआधी रक्त तपासलं, तर आईचं लिव्हर बिघडलेलं. डॉक्टरांनी केमो थांबवली. "दुसरं काही औषध चालू आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाय," आई जरा जास्तच पटकन म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी चहा घेऊन खोलीत गेले आणि दारातच थबकले. अण्णांनी डाव्या हातानं आईची हनुवटी वर धरली होती. उजव्या हातानं गुळाचा खडा तिच्या जिभेवर पार मागे सारला आणि गळ्यावरून बोट फिरवत म्हणाले, "गिळ, गिळ." हे मी लहानपणापासून बघत आले आहे. शेळीला जंताची गोळी अशीच देतात.

"अण्णा! काय चारताय तिला?"

अण्णा खाली बघत म्हणाले, "व्हिडिओ आला व्हता. शेळ्यांच्या ह्या जंताच्या गोळीनं एकाची गाठ विरघळली म्हणं. आन मी तशीच नाय दिली, सरिता. आधी आठ दिवस सोता खाल्ली. मला काय झालं नाय, मंग दिली."

"कोणाच्या तरी सांगण्यावर? लिव्हर असंच राहिलं तर तिला केमो मिळणार नाही, कळतंय का तुम्हाला?" मी घर डोक्यावर घेतलं. पण 'सोता खाल्ली' हे आठवलं आणि मी हातातला चहा खाली ठेवला.

"त्यांना नको बोलू," आई म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी समजलं व्हतं."

"मग खाल्लीस कशाला?"

आई चक्क लाजली. "चाळीस वर्षांत ह्यांनी मला घास भरवला नाय. लग्नात समद्यांनी आग्रह केला, तर ताटावरून उठून गेले. म्हटलं, गोळी तर गोळी."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतःच गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. "चूक माझी हाय. ती माझ्यासाठी खोटं बोलली."

डॉक्टर रागावले नाहीत, हेच अण्णांना जास्त लागलं. "माणसाच्या कॅन्सरवर हे चालतं याचा पुरावा नाही, बाबा. लिव्हरला मात्र त्रास होऊ शकतो. बंद करा, पंधरा दिवसांनी बघू. आणि आज तुमचंही रक्त द्या."

अण्णांचं रक्त ठीक निघालं. पण ते पंधरा दिवस आईच्या जवळ जायला धजले नाहीत. ती जेवली का, हे दारातूनच बघायचे. मला त्यांचा राग येई आणि कीवही.

मग आईचा रिपोर्ट आला. लिव्हर सुधारलं होतं, उद्या केमो. आईनं गुळाचा डबा अण्णांपुढे सरकवला. "भरवा."

अण्णांनी खडा फोडला. डावा हात सवयीनं तिच्या हनुवटीकडे गेला.

"हनुवटी सोडा," आई म्हणाली, "मी काय शेळी हाय?" आणि तिनं आपणहून तोंड उघडलं.