बारावी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी बैलगाडी आहे. पारोळ्याहून एरंडोलकडे जाताना चार वाटा जिथे भेटतात, त्या आमच्या गावच्या फाट्यावर एका हॉटेलासमोर मला लाल-पिवळी रंगवून उभी केली आहे.

मी बाभळीच्या लाकडाची. अभिमन पाटलांनी मला हौसेने घडवून घेतली. वर्षभर मी कापूस वाहिला, शेणखत वाहिलं. त्याचं कौतुक कुणाला? माझा मान चैत्रातला. मरीमातेच्या यात्रेत बारा गाड्या एकीमागे एक बांधतात, त्यांत माणसं खच्चून भरतात आणि देवीचा भगत कमरेला दोर बांधून त्या ओढतो. शेवटची, बारावी, मी. अभिमनची बायको धुरपदाबाई माझ्यातच बसायची, आणि तोरा असा की जणू तीच गाड्या ओढतेय!

पुढे अभिमन गेला. घरात ट्रॅक्टर आला. मी गोठ्यामागे पावसात कुजू लागले. तेव्हा त्याच्या मुलाने, योगराजने, मला हॉटेलवाल्याला देऊन टाकलं.

"यात्रेले गाडी लागी बरं," त्याने बजावलं.

"घेऊन जा की," हॉटेलवाला म्हणाला.

पोरगा वाईट नव्हता, मित्रांनो. मला रंग मिळेल, डोक्यावर छप्पर मिळेल, एवढंच त्याने पाहिलं. माझी चाकं सिमेंटात रोवतील हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

यंदा यात्रेच्या दिवशी सगळे मला न्यायला आले. चाकं बघून योगराजचा चेहरा उतरला. त्याने पहार घातली, तर चाकाचा एक आरा कडकन मोडला.

"ऱ्हाऊ दे रे!" धुरपदाबाई ओरडली. "तुना बापनी गाडी शे ती. सिमेंटमा जित्तीच पुरी दिन्ही तू तिले!"

भगत चंदनआबा खाली बघत म्हणाले, "अक्का, बारा गाड्या तं जोयजेच. ट्रॅक्टरनी ट्रॉली जोडतस."

"जोडा. मी तिन्हामा बसाव नही."

गाड्या निघाल्या. माझ्या जागी ट्रॉली गेली. मित्रांनो, लाकडालाही रडू येतं, फक्त ते कुणाला दिसत नाही. आम्हा जुन्या वस्तूंना जपा, पण आमचं काम हिसकावून जपू नका. मोडेपर्यंत चालू द्या.

धुरपदाबाई माझ्यात चढून एकटीच बसली. लांबून मरीमातेचा जयजयकार ऐकू येत होता. एवढ्यात हॉटेलात जेवायला आलेली एक बाई मोबाइल घेऊन पुढे आली.

"आजी, जरा उतरता का? आम्हाला फोटो काढायचाय."

धुरपदाबाई उतरली.