बुजवलेल्या दाराचा शेक

शेजारच्या घरी जाऊन वहिनीला एक साधा प्रश्न विचारायचा, तर त्यासाठी भगवानरावांनी पुण्याहून लेक बोलावून घेतली. माणूस हट्टाला पेटला की त्याला शेजारचं दार दिसत नाही, पुणं मात्र बरोब्बर दिसतं.

प्रश्न चौकटीचा होता. मोताळ्यात भगवानराव आणि त्यांचे थोरले भाऊ महादेवराव, म्हणजे दादा, यांची घरं एकाच भिंतीची. त्या भिंतीत दार, आणि दाराची सागवानी चौकट दादांकडच्या अंगाला. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बिनसलं तेव्हा दार बुजवायचं ठरलं. विटांचा एक थर याने आपल्या बाजूने रचायचा, एक त्याने. भगवानरावांनी त्याच संध्याकाळी रागारागात आपला थर रचला, वर गिलावाही केला. दादांनी पलीकडे काय केलं ते पाहायला ते कधी गेले नाहीत.

मागच्या पोळ्याच्या सुमारास दादा गेले. भगवानरावांनी खांदा दिला, पण घरात पाऊल टाकलं नाही. तेव्हापासून एकच गोष्ट त्यांना आतून खात होती. त्यांच्या भावकीत बुजवलेल्या दाराची चौकट जागेवर ठेवली, तर दार पुन्हा उघडायची आशा ठेवली असं समजत. दादांनी ती ठेवली होती, की उपटून टाकली होती?

त्यांची लेक अपेक्षा पुण्यात विमानाच्या भागांमधले लपलेले दोष शोधायची. भाग तापवायचा आणि उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातून तो निवताना पाहायचा. आत पोकळी असेल तर उष्णता तिथे अडते आणि तेवढा भाग उशिरा निवतो. उष्णता कशी पसरेल याचं गणित आधी कॉम्प्युटरवर मांडायचं आणि खऱ्याशी ताडून बघायचं.

"बाबा, शेजारी जाऊन मोठीमायलेच विचारा ना," ती म्हणाली.

"तुह्या कॅमेऱ्याले विचार."

नांदुऱ्याच्या शूटिंगवाल्याकडून लग्नातले मोठे दिवे आले. सकाळपासून भिंत तापत राहिली.

"गुडघे माह्ये दुखून राह्यले," अपेक्षाची आई कोकिळाबाई चहा ठेवत म्हणाल्या, "अन् पोरगी शेक भिंतीले देऊन राह्यली!"

दुपारी दिवे बंद झाले. अपेक्षाने लॅपटॉपवर दोन भिंती मांडल्या होत्या, एक नुसत्या विटांची आणि एक चौकटीसकट. खरी भिंत दोन्हींशी जुळेना. कडांना सागवान स्पष्ट दिसत होतं, पण मधला भाग निवायचं नाव घेईना. तिने कॅमेरा तपासला, आकडे बदलले, स्वतःवर चिडली. शेवटी वैतागून तिने पलीकडचा थर गणितातून काढूनच टाकला आणि तिथे नुसती हवा ठेवली. लगेच गणिताची रेष खऱ्या भिंतीच्या रेषेवर जाऊन बसली.

"बाबा, चौकट हाये."

भगवानरावांनी डोळे मिटले.

"पन पलीकडं विटाच नाहीत. मोठ्याबाबानं त्यांचा थर रचलाच नाही."

"असं कसं? दादा शब्दाचे पक्के होते. तुह्यं यंत्र चुकलं असन."

ती उत्तर देणार तोच उंबऱ्याशी चाहूल लागली. शेजारून वहिनी, सोजराबाई, आल्या होत्या, पदराला हात पुसत.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "आमच्या घरात तुमच्या विटा गरम काऊन लागून राह्यल्या?"

मग भगवानरावांनी विचारलं, "वहिनी, दादानं बुजवलंच नाही?"

"नाही जी. तिथंच खाट टाकली होती त्यायनं. म्हनत, इथून भगवानचा खोकला आयकू येते, म्हंजे बरा हाये तो."

"मंग मले काऊन नाही सांगतलं कधी?"

"मी लय म्हनलं. तर म्हनत, त्यानं रचल्या, त्यालेच काढू दे."

भगवानरावांना दादा हवे होते, आत्ता, याच घटकेला, भांडायला का होईना. त्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली. गिलावा पडला, आणि पहिली वीट त्यांनी हाताने ओढून काढली. ती अजून कोमट होती. फटीतून पलीकडचा उजेड आला आणि त्या उजेडात दादांची खाट दिसली, रिकामी, अजून भिंतीला लागूनच. वीट छातीशी धरून भगवानराव खाली बसले आणि त्या फटीकडे तोंड करून खोकले.