ती आली नाही

“...आणि ती आली नाही.” यशोधनने आपल्या अनुवादातली शेवटची ओळ वाचली आणि सिंगापुरातल्या पाया लेबार भागातल्या छोट्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

श्रोत्यांमधून पद्माकर उठून उभे राहिले. “ती नाही. भाऊ होता तो.”

“बाबा, बसा ना,” शेजारून त्यांची मुलगी ऋता पुटपुटली.

एकोणऐंशी साली डिझेल इंजिनं शिकायला ते बुडापेस्टला गेले, तेव्हा ही कविता लिहिणारे केलेमेन सरच त्यांना हंगेरियन शिकवत. सरांच्या लिखाणावर बंदी होती. परदेशी मुलांच्या शिकवण्या घेऊन ते पोट भरत. आज तिथल्या शाळकरी पोरांना त्यांच्या कविता पाठ आहेत. सरांच्या धाकट्या भावाला पोलिसांनी नेलं, तो परतलाच नाही. हंगेरियनमध्ये ‘तो’ आणि ‘ती’ला एकच शब्द. कागद पकडला गेला तर प्रेमकविता वाटावी, आईने वाचला तर तिला कळावं, म्हणून सरांनी त्या शब्दाच्या आड भावाला लपवलं होतं.

पद्माकर पुढे जहाजांवर इंजिनिअर झाले. बंदरं बदलली, अनुवादाची वही तीच राहिली. बाकीच्या कविता झाल्या, पण या ओळीपाशी ते चाळीस वर्षं अडून बसले. मराठीत ‘आला’ की ‘आली’, हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. यशोधनने इंग्रजी अनुवादावरून चार महिन्यांत पुस्तक काढलं.

“काका, इंग्रजीत ‘शी’च आहे,” यशोधन हसत म्हणाला. “आणि खरं सांगू? प्रेयसी म्हटलं की लोकांना भिडतं.”

लोक हसले. माईक पुढे गेला.

चहाच्या टेबलापाशी एक बाई आपुलकीने जवळ आल्या. “तुम्हाला मूळ भाषा येते? मग तुमचा अनुवाद कुठे मिळेल हो?”

“छापला नाही.”

“अगंबाई! का?”

पद्माकरांनी कप खाली ठेवला. उत्तर द्यायला गेले, पण तोवर बाईंना कुणीतरी फोटोसाठी हाक मारली.

घरी जाताना एमआरटीच्या मेट्रोत ऋताने यशोधनचं नवं पुस्तक उघडलं. तीच कविता काढली. दोनदा वाचली.

“बाबा, काय सुंदर लिहिलंय हो,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

त्यांची वही तिने आजवर कधी मागितली नव्हती. पद्माकरांनी खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला आणि क्वीन्सटाउन स्टेशन येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले.