आई, घसा बरा आहे गं

अरे, तू फक्त ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला रडू फुटेल आणि सगळं राहूनच जाईल.

माझे बाबा घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारतात, हे तुला माहितीये ना? पुकारायचे, म्हणजे. पोत्यांच्या थप्पीवर उभं राहायचं आणि माल संपेपर्यंत ओरडायचं. आमच्या बाजारात बसलेला घसा म्हणजे मानाची गोष्ट रे! हंगाम जोरात असला की सगळ्याच पुकारणाऱ्यांचे आवाज फाटतात. कुणाचा मोकळा राहिला तर हमाल चिडवतात, "काय शेठ, यंदा माश्याच मारताय वाटतं?" त्यामुळे बाबांचा आवाज बसला तेव्हा कुणी काळजी केली नाही. उलट पाठीवर थापा!

आणि औषधं? जितकी तोंडं तितकी औषधं. तोलाईवाल्यानं ज्येष्ठमध दिलं, चहावाला मिरी घालून चहा द्यायला लागला, आणि आजी फोनवर रोज, "मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर रे बाळा." बाबांनी सगळं केलं. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणलं, दोन गोळ्या खाल्ल्या, बाकीच्या कपाटात. हंगाम संपला. बाकीच्यांचे आवाज परत आले, बाबांचा नाही आला. आई म्हणाली, "अहो, दाखवा ना कुणाला तरी." तर म्हणतात कसे, "अगं, मोठं इंजिन गार व्हायला वेळ लागतो." आम्ही हसलो रे. सगळे हसलो.

मग एकदा घास गिळताना कळ पार कानापर्यंत गेली, तेव्हा आईनं त्यांना ओढतच नेलं. डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घालून आत बघितलं. चांगल्या होत्या, समजावून सांगितलं त्यांनी. घसा दुखणं बहुतेक वेळा विषाणूंमुळे असतं, आठवडाभरात आपोआप जातं, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोगही नसतो. गुळण्या, कोमट पाणी आणि गप्प बसणं, बस. "पण आवाज तीन आठवड्यांवर बसलेला राहिला, तर आत बघायलाच हवं."

बाबा म्हणाले, "आमच्याकडे सगळ्यांचाच बसतो हो."

त्या म्हणाल्या, "म्हणूनच उशीर झाला."

कॅन्सर. स्वरयंत्रच काढायचं आणि श्वासासाठी गळ्याला भोक. जीव बहुतेक वाचेल, आवाज नाही.

बाबांनी काय विचारलं असेल? मी जगेन का, धंद्याचं काय, काही नाही. म्हणाले, "मग आईला रोज फोन कसा करू?"

आजी आत्याकडे असते, लांब. मोठे काका गेले तेव्हापासून तिचं असं झालंय, सकाळी बाबांचा फोन आला नाही तर ती अन्नाला शिवत नाही. "तिला एवढ्यात कळता कामा नये," बाबा म्हणाले, "आधी मला उभा राहू दे." आणि माझ्याकडे बघितलं. कारण फोनवर बाबांचा मोकळा आवाज आणि माझा आवाज एकच रे! व्यापारी मला शेठ समजून टोमॅटोचा भाव विचारायचे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी मला शिकवलं. त्या फाटक्या आवाजात. "आधी खाकरायचं. मग 'काय म्हातारे, जेवलीस का?' ती 'मेल्या' म्हणेल. मग मोठ्यानं हसायचं." मी म्हटलं, "मला नाही जमत." तर म्हणाले, "गाढवा, चांगला पुकारतोयस की." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं शेवटचं वाक्य, हे.

तेव्हापासून रोज मीच बाबा. ते गळ्याला रुमाल बांधून शेजारी बसतात, फोन स्पीकरवर. मी बोलतो आणि ओठ त्यांचे हलतात. मला बघवत नाही रे.

आणि आजी नुसती खूश! "केवढा मोकळा झाला आवाज! बघ, माझ्या गुळण्यांचा गुण!" सगळ्या गल्लीला सांगत सुटली.

काल म्हणाली, "थांब हं, शेजारच्या बाई आल्यात. शाळेत शिकवतात. यांचाही आवाज कधीचा बसलाय. उद्या डॉक्टरकडे निघाल्या होत्या, मी म्हटलं कशाला उगाच नळ्या घालून घेताय? माझ्या लेकाला विचारा." आणि फोनवर तो आवाज आला. घोगरा, चिरका, हुबेहूब बाबांसारखा. "दादा, नुसत्या गुळण्यांनी गेलं? मग मी नाही जात उद्या."

मी कसंबसं म्हटलं, "ताई, एकदा दाखवून तर या."

लगेच आजी, "का रे? तू बरा झालास ना? मग त्यांना कशाला पाठवतोस? काय लपवतोयस माझ्यापासून? माझ्या गळ्याची शपथ आहे, बोल!"

मी बाबांकडे बघितलं. ते हात जोडून मान हलवत होते, नको, नको. डोळ्यांना धार लागलेली. आणि पलीकडे त्या बाई वाट बघत होत्या, त्यांचं खोकणं फोनवर ऐकू येत होतं.

तू असतास तर काय बोलला असतास रे?